दारू सोडणाऱ्यांसाठी जवळचा आधारगट कसा शोधावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारू सोडू इच्छिणारी माणसे, ती नुकतीच सोडलेली माणसे आणि त्यांच्या घरचे लोक आम्हाला जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू आजच बंद करायचे ठरवले असेल, तर बाकी सर्व बाजूला ठेवून आधी प्रश्न ४ वाचावा.

१. आधारगट म्हणजे नेमके काय? व्यसनमुक्ती केंद्र आणि आधारगट यांत फरक काय?

व्यसनमुक्ती केंद्रात माणूस काही आठवडे राहतो, तेथे डॉक्टर आणि समुपदेशक असतात, औषधोपचार होतात आणि ठरलेल्या मुदतीनंतर त्याला घरी सोडले जाते. आधारगटात राहणे नसते, डॉक्टर नसतात आणि मुदतही नसते. दारूमुळे ज्यांचे आयुष्य विस्कटले अशी माणसे आठवड्यातून एकदा किंवा अनेकदा तास-दीड तास एकत्र बसतात आणि न पिता राहण्यासाठी एकमेकांना मदत करतात. यांतील सर्वांत पसरलेला गट म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, अर्थात एए. अमेरिकेतील ॲक्रन या शहरात १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक अशा दोन मद्यासक्तांच्या भेटीतून तो सुरू झाला आणि १९५७ साली भारतात आला. याखेरीज व्यसनमुक्ती केंद्रांचे स्वतःचे पाठपुरावा गट असतात. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणचे असे गट पुण्याबाहेरही भरतात.

केंद्र आणि गट यांपैकी एकच निवडावे लागते असे नाही. केंद्रातून घरी आल्यावरचे पहिले काही महिने सर्वांत निसरडे असतात आणि नेमक्या त्याच काळात गट उपयोगी पडतो.

२. मी रोज पीत नाही आणि श्रावण तर कडक पाळतो. मला गटाची गरज आहे का?

श्रावणात महिनाभर थांबता येते यावरून व्यसन नाही असे सिद्ध होत नाही. गटारीला किती प्यायली, श्रावणातले दिवस मोजत काढले का, आणि महिना संपल्यावर पहिल्याच बैठकीत ‘दोनच’ म्हणून बसलेला माणूस किती पेगांवर उठला, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ नावाची चाचणी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक काही मिनिटांत करून देतात.

मात्र गटात जाण्यासाठी कोणत्याही निदानाची किंवा चिठ्ठीची गरज नसते. पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच एएची अट आहे. आपण मद्यासक्त आहोत की नाही याची खात्री नसलेला माणूसही ‘ओपन’ मीटिंगला (प्रश्न ५ पाहावा) नुसता बसून येऊ शकतो. आपल्याला हा प्रश्न पडतो आहे, हेच एकदा जाऊन पाहण्यास पुरेसे कारण आहे, असे आमचे मत आहे.

३. माझ्या भागातला गट शोधायचा कसा?

तीन-चार वाटा आहेत. एए भारताच्या अधिकृत संकेतस्थळावर शहरवार माहिती मिळते. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ असून तो निःशुल्क आहे. मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. चौथी वाट जुनी आणि खात्रीची आहे : जिल्हा रुग्णालयातील, म्हणजे बोलीभाषेत ‘सिव्हिल’मधील, मानसोपचार विभागात जाऊन तेथील समाजसेवकाला विचारावे. कोणता गट खरोखर भरतो आणि कोणता केवळ यादीत उरला आहे, हे बहुतेक वेळा त्यालाच ठाऊक असते. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राला नुसता फोन केला तरी बहुधा माहिती मिळते. त्यासाठी तेथे दाखल व्हावे लागत नाही.

यादीतील पत्त्यावर थेट जाऊ नये, आधी फोन करावा. शाळेच्या परीक्षा, निवडणुका, गणपती अशा कारणांनी खोली बदलते, वेळही बदलते. आणि मोठ्या धीराने घराबाहेर पडलेला माणूस बंद दारावरून परतला, तर पुन्हा निघायला त्याला महिने लागू शकतात. फोनवर भाषा, वार, वेळ, मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड आणि इमारतीत शिरल्यावर कोणत्या खोलीत जायचे, एवढे विचारून घ्यावे. ‘पहिल्यांदाच येतोय’ असे सांगितले तर कोणीतरी कोपऱ्यावर किंवा फाटकापाशी घ्यायला येते. ही सोय बहुतेकांना माहीत नसते, ती अवश्य मागावी.

निवड करताना लोक ‘चांगला गट कोणता’ असे विचारतात. आमच्या मते त्याआधी वेळ पाहावी. जो माणूस कामावरून सुटल्यावर सात वाजता स्टेशनबाहेरच्या बारमध्ये शिरत असे, त्याच्यासाठी सात वाजता, त्याच वाटेवर भरणारा साधासुधा गट हा रविवारी सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला भरणाऱ्या नावाजलेल्या गटापेक्षा कितीतरी मोलाचा आहे. पिण्याचा तास रिकामा राहिला की तो जुन्या सवयीनेच भरतो. म्हणून आपल्या पिण्याची वेळ आणि रस्ता कागदावर मांडावा आणि त्यांच्या आड येणारी मीटिंग शोधावी.

४. आज रात्री शेवटची घेतो आणि उद्यापासून बंद करून थेट मीटिंगला जातो. चालेल का?

अधूनमधून पिणाऱ्याला चालेल. परंतु जो अनेक महिने रोज भरपूर पितो, ज्याचे हात सकाळी थरथरतात आणि घोट घेतल्यावरच स्थिर होतात, त्याने वैद्यकीय देखरेखीशिवाय दारू एकदम बंद करू नये. शेवटच्या पेयानंतर काही तासांतच घाम, कंप, मळमळ आणि बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना वेळ-काळाचे भान राहत नाही, नसलेली माणसे किंवा किडे दिसू लागतात, ताप चढतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. घरचे लोक याला बाहेरची बाधा समजून भलतीकडे नेतात आणि मोलाचे तास वाया जातात.

आकडी, भ्रम किंवा तीव्र गोंधळ दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पूर्वी दारू सोडताना आकडी आलेली असेल, तर या वेळी सोडण्याआधीच डॉक्टरांना ते सांगावे. औषधांच्या आधाराने हा टप्पा बहुधा आठवड्याभरात पार पडतो आणि त्यानंतर गटात जाता येते. गटातले लोक कितीही अनुभवी असले तरी हा टप्पा त्यांच्या भरवशावर काढायचा नसतो.

५. पहिल्या मीटिंगमध्ये काय होते? मला उभे राहून बोलावे लागेल का?

नाही. ‘आज फक्त ऐकतो’ असे म्हटले की पुढच्या माणसाकडे पाळी जाते आणि कोणी आग्रह करत नाही.

मीटिंग दोन प्रकारच्या असतात. क्लोज्ड मीटिंगला ज्यांना स्वतःचे पिणे थांबवायचे आहे तेच बसतात. ओपन मीटिंगला घरची माणसे, विद्यार्थी, डॉक्टर असे कोणीही येऊ शकतात. सुरुवातीला संघटनेची ओळख करून देणारा छोटा मजकूर वाचला जातो. मग एकेक जण आपले पहिले नाव सांगून ‘मी अल्कोहोलिक आहे’ असे म्हणतो आणि स्वतःविषयी बोलतो. यालाच ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्येच कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही, उलटतपासणी घेत नाही. आपल्याकडच्या कोणत्याही बैठकीची सवय असलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी चमत्कारिक वाटते. कोणाला न पिता वर्ष झाले असेल तर त्याचा ‘बर्थडे’ साजरा होतो, त्याला पदक मिळते, आणि पन्नाशीच्या गृहस्थाचा पहिला वाढदिवस म्हणून खोली टाळ्या वाजवते. शेवटी सामूहिक प्रार्थना आणि चहा. खरी ओळख चहाच्या त्या दहा मिनिटांतच होते, त्यामुळे मीटिंग संपताच पळ काढू नये आणि दोघातिघांचे फोन क्रमांक तरी घ्यावेत.

६. फी किती असते?

काहीही नाही. मीटिंगमध्ये एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात सभासद स्वेच्छेने पैसे टाकतात आणि त्यातून खोलीचे भाडे व चहा भागतो. नवीन माणसाने काही टाकले नाही तरी चालते. एए बाहेरच्यांकडून देणगी घेत नाही, सरकारी अनुदानही घेत नाही. त्यामुळे एएच्या नावाने कोणी नोंदणी शुल्क किंवा ‘कोर्स’चे पैसे मागत असेल, तर तो एएचा गट नव्हे. निवासी केंद्रांचे शुल्क हा वेगळा विषय आहे. त्यासाठी प्रश्न १२ पाहावा.

७. गाव छोटे आहे. ओळखीचे कोणी भेटले तर?

भेटू शकते, पण ते तेथे ज्या कारणासाठी आले आहे, त्याच कारणासाठी तुम्हीही आला आहात. मीटिंगमध्ये कोण आले आणि कोण काय बोलले हे बाहेर न सांगण्याचा दंडक बहुतेक ठिकाणी कसोशीने पाळला जातो. आडनाव, नोकरी, पत्ता कोणी विचारत नाही. तरीही तो कायदा नाही, माणसांनी पाळलेला संकेत आहे, हे ध्यानात ठेवावे. ज्यामुळे नोकरी किंवा खटला अडचणीत येईल असा तपशील पहिल्याच दिवशी सर्वांसमोर मांडू नये. ज्यांना फारच धास्ती वाटते त्यांनी शेजारच्या तालुक्यातील किंवा ऑनलाइन मीटिंगने (प्रश्न १३) सुरुवात करावी.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे लिहायला हवी. झिंगून रस्त्यावर पडलेला माणूस गावाने आधीच पाहिलेला असतो. लपवण्यासारखे जे होते ते उघडे पडल्यावर, मीटिंगला जाताना कोणी पाहील या भीतीने थांबण्यात फारसा अर्थ उरत नाही.

८. मीटिंग चर्चच्या सभागृहात आहे. हा धर्मप्रसार तर नाही ना? आणि मी देव मानत नाही, त्याचे काय?

शाळेचा वर्ग, समाजमंदिर, रुग्णालयाची खोली, चर्चचे सभागृह यांपैकी जी जागा संध्याकाळी कमी भाड्यात मिळते ती गट घेतात. मुंबई, वसई, गोवा या भागांत चर्चच्या जागा सहज उपलब्ध असल्याने तेथे मीटिंग अधिक दिसतात, इतकेच. एए कोणत्याही धर्माशी किंवा पंथाशी जोडलेली नाही.

देवाचा प्रश्न अधिक खरा आहे. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे न पिता जगण्यासाठी सभासद जी बारा तत्त्वे क्रमाने आचरतात त्यांत, देवाचा उल्लेख आहे, मात्र ‘आपल्या आकलनाप्रमाणे’ अशी मोकळीक तेथेच दिलेली आहे. अनेक नास्तिक सभासद गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात आणि प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहतात. एवढेही रुचत नसेल, तर व्यसनमुक्ती केंद्राचा पाठपुरावा गट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडील गटोपचार हा पर्याय आहे. तत्त्वाच्या मुद्द्यावर मीटिंग सोडून परत बारमध्ये जाऊन बसणे हा पर्याय मात्र आम्ही धरत नाही.

९. मी स्त्री आहे. गटात सगळे पुरुषच असतील तर?

बऱ्याच ठिकाणी पुरुषच अधिक असतात, हे खरे आहे. पिणाऱ्या स्त्रीकडे समाज ज्या नजरेने पाहतो, त्यामुळे स्त्रिया मदत मागायला उशिरा येतात आणि त्यामुळेच गटात त्या कमी दिसतात. मोठ्या शहरांत केवळ स्त्रियांच्या मीटिंग असतात, ऑनलाइन तर त्या सहज मिळतात. मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. फोन करताना ‘एखाद्या महिला सभासदाशी बोलायचे आहे’ असे स्पष्ट सांगावे. मिश्र गटात गेल्यास फोन क्रमांक स्त्री सभासदांचेच घ्यावेत. मार्गदर्शक सभासद, ज्याला ‘स्पॉन्सर’ म्हणतात, स्त्रीसाठी स्त्री आणि पुरुषासाठी पुरुष असावा असा तेथे जुना संकेत आहे. कोणी पुरुष सभासद तो मोडू पाहत असेल तर नकार द्यावा आणि गट बदलावा.

१०. आमचे हे जायलाच तयार नाहीत. मी काय करू?

तुम्ही जा. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉन हे स्वतंत्र गट आहेत आणि किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन आहे. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. ‘पितात ते, आणि मीटिंगला मी का जाऊ’ हा राग अगदी रास्त आहे. पण बाटल्या शोधणे, साहेबांना फोन करून ‘ताप आलाय’ सांगणे, बारची उधारी भागवणे, शपथा घालणे या चक्रात घरच्या बाईची तब्येत आणि मुलांचे बालपण दोन्ही खर्ची पडते. यांतल्या कोणत्या गोष्टी थांबवायच्या आणि त्या थांबवताना स्वतःला कसे सावरायचे, हे तेथे त्याच वाटेने गेलेल्या बायकांकडून समजते. घरात मारहाण होत असेल तर मात्र गटाची वाट न पाहता आधी सुरक्षित ठिकाणी जावे. महिला मदतवाहिनीचा क्रमांक १८१ आहे.

नवऱ्याशी बोलायचे ते तो शुद्धीवर असताना, शक्यतो सकाळी, आणि मुलांसमोर नको.

११. त्यांना न कळत जेवणातून देता येईल असे औषध आहे का? जाहिराती तर खूप दिसतात.

कृपया देऊ नका. अशा पुड्यांमध्ये नेमके काय असते हे कळायला मार्ग नसतो. दारूशी विपरीत प्रतिक्रिया देणारे डायसल्फिराम नावाचे औषध खरोखर आहे, परंतु ते रुग्णाच्या पूर्ण माहितीने, संमतीने आणि तपासण्या करूनच दिले जाते. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, उलट्या, रक्तदाब कोसळणे असे प्रकार होतात आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. ज्याला गोळीचा पत्ताच नाही, तो नेहमीप्रमाणे पिणार, हे उघड आहे.

१२. एक केंद्र म्हणते, ‘गाडी पाठवतो, चार माणसे येऊन घेऊन जातील.’ बोलवावे का?

नाही. दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक स्थिती मानसिक आरोग्य काळजी कायदा, २०१७ च्या कक्षेत येतात. संमतीशिवाय दाखल करण्याची तरतूद त्यात आहे, पण तिच्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीचा, अर्ज आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, आणि तीही गंभीर स्थितीतच. हातपाय बांधून नेणे यात बसत नाही. केंद्र निवडताना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडील नोंदणी, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात, घरच्यांना भेटू देतात का आणि एकूण खर्च लेखी देतात का, हे विचारावे. भेटीला मनाई करणाऱ्या केंद्रात माणूस ठेवू नये.

१३. आमच्या तालुक्यात एकही गट नाही. मग?

ऑनलाइन मीटिंगने सुरुवात करावी. टाळेबंदीपासून त्या रुळल्या आहेत आणि परदेशातील मराठी माणसांनाही सोयीच्या आहेत. तिकडे स्थानिक भाषेतले गट गल्लोगल्ली असतात, पण बापाविषयी किंवा बायकोविषयी बोलायची वेळ आली की मराठीच लागते. ऑनलाइनबरोबर महिन्यातून एकदा तरी जिल्ह्याच्या गावी जाऊन प्रत्यक्ष मीटिंगला बसावे. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ या उपक्रमातून गावपातळीवर व्यसन उपचार शिबिरे होतात. तो जिल्हा १९९३ पासून दारूबंदीचा आहे आणि तरीही अशी शिबिरे लागतात, यावरून बंदीने आधाराची गरज संपत नाही हे दिसते.

पुढे जाऊन स्वतःचा गट सुरू करता येतो. त्याला नोंदणी, अध्यक्ष, फलक काहीही लागत नाही. न पिता राहू इच्छिणारी दोन-तीन माणसे, ठरलेला वार आणि एक खोली पुरते. मात्र दोघेही कालपर्यंत पीत असतील तर निदान सुरुवातीला जुन्या गटातील एखादा अनुभवी सभासद बोलवावा.

१४. मी माळ घातली आहे. आता गटाची काय गरज?

माळ घालून दारू कायमची सुटलेली माणसे महाराष्ट्रात गावोगाव आहेत आणि त्यात आश्चर्य नाही. माळकऱ्याला दर एकादशीला, भजनाला, वारीला न पिणाऱ्यांची सोबत मिळते. म्हणजे आधारगटाचे काम तेथे दिंडीच करते. ती सोबत खरोखर असेल तर उत्तम. पण नुसती माळ गळ्यात आणि संगत जुनीच राहिली, तर एखाद्या संध्याकाळी ती खुंटीला टांगून माणूस बाहेर पडतो, आणि मग अपराधीपणापायी आणखी पितो. दोन्ही एकत्र चालवण्यास कोणतीही आडकाठी नाही.

१५. मीटिंगला जातो, तरी पुन्हा प्यायलो. आता कोणत्या तोंडाने जाऊ?

आहे त्याच तोंडाने, आणि लवकरात लवकर. गटाच्या भाषेत याला ‘स्लिप’ म्हणतात आणि खोलीतल्या अनेकांनी ती अनुभवलेली असते. नशेत असताना गेलात तर बहुतेक गट बसू देतात, बोलू मात्र देत नाहीत. स्लिप मोठ्या प्रमाणावर आणि अनेक दिवस झाली असेल, तर थांबताना पुन्हा प्रश्न ४ लागू होतो, हे विसरू नये. बहुतेक स्लिप ठरावीक प्रसंगी होतात : लग्नाची हळद, धुळवड, विसर्जन, ३१ डिसेंबर, पगाराचा दिवस. त्या दिवसाची मीटिंग आधीच ठरवून ठेवावी.

१६. याचा खरोखर उपयोग होतो, याला काही पुरावा आहे का?

आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही उपचारांवरील अभ्यास एकत्र तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे) २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. एए आणि त्याकडे वळवणारे पद्धतशीर उपचार हे सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांइतके किंवा त्यांहून सरस ठरले. यातून प्रत्येकाला उपयोग होईल असा अर्थ निघत नाही. एका मीटिंगवरून मत बनवू नये, वेगवेगळ्या गटांच्या मिळून निदान सहा कराव्यात.

१७. गटातले एक ज्येष्ठ सभासद म्हणतात, मनोविकाराच्या गोळ्या म्हणजेही नशाच, त्या सोड. सोडू का?

सोडू नका. नैराश्य, द्विध्रुवी विकार, आकडी यांची औषधे अचानक बंद करणे धोक्याचे असते आणि सभासदांनी डॉक्टर बनू नये ही एएचीच अधिकृत भूमिका आहे. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने वाढवल्या असतील तर ती गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी. दारूबरोबर गांजा किंवा इतर अमली पदार्थही असतील, तर नार्कोटिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगही पाहाव्यात.

१८. कंपनीने व्यसनमुक्तीचे प्रमाणपत्र मागितले आहे. गट देईल का?

एए हजेरी ठेवत नाही आणि प्रमाणपत्रही देत नाही. नाव गुप्त ठेवणाऱ्या संघटनेला ते शक्यही नाही. असे पत्र उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ किंवा नोंदणीकृत केंद्र देऊ शकते. त्यामुळे नोकरीचा किंवा न्यायालयाचा प्रश्न असेल तर मीटिंगबरोबरच सिव्हिलच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून दर भेटीची नोंद करून घ्यावी, आणि जुने कागद जपून ठेवावेत.